आपली शाळा कॅथलिक होती का, सिस्टर

सिस्टर, काल तुमची शोकसभा झाली. शाळेच्या नव्या एसी हॉलमध्ये, तुम्हाला कधीच न आवडलेल्या त्या निळ्या पडद्यापुढे. नव्या प्राचार्यांनी तुम्हाला प्रेमाचा झरा म्हटलं. पालक संघाचे जुने अध्यक्ष, तेच, जे दर सत्राला तुमच्याविरुद्ध सह्या गोळा करायचे, रुमालाने डोळे टिपत होते. मग मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, सिस्टर इग्नेशिया यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मागच्या रांगेतल्या दोन जुन्या टीचर्सना एकदम खोकला आला.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तुमच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती, आता बोलायचं नाही, मग बोलायचं तरी कधी? तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. हे मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या दोघींमध्ये जे काही खरं होतं ते मराठीतच होतं. बाकी सगळं आपण इंग्रजीत आणि हिंदीत उरकत होतो.

मला नोकरी कशी दिलीत, आठवतं? इंटरव्ह्यू इंग्रजीत चालला होता. मध्येच तुमची नजर अर्जावरच्या माझ्या आडनावावर पडली आणि तुम्ही उठून दार लावून घेतलंत. ‘कुठली गं तू?’ मी म्हटलं, इथलीच, दिल्लीची, आर. के. पुरमची, वडील केंद्रीय मंत्रालयात आहेत. ‘क्वार्टर नाही विचारलं. मूळची कुठली?’ साताऱ्याची, मी म्हटलं, पण दोनदाच गेले आहे. तुम्ही म्हणालात, ‘मी वसईची. या गावात येऊन पंधरा वर्षं झाली आणि मराठीत कुणाला झापलेलं नाही. सोमवारपासून ये.’ शिकवता येतं का, हे विचारायचं तुमच्याकडून राहूनच गेलं.

दार लावलं तेव्हाच मला तो क्रूस दिसला. तुमच्या ऑफिसचा क्रूस दारामागच्या भिंतीवर होता. दार उघडं असलं की झाकलेला, बंद केलं की समोर. पालकांसाठी दार दिवसभर सताड उघडं असायचं. वीस वर्षांच्या नोकरीत तो क्रूस मी फक्त तुमच्याशी मराठीत बोलताना पाहिला.

तो काळही तसाच होता. यमुनेपलीकडे मयूर विहारच्या सोसायट्या भराभर उठत होत्या. आपल्या शाळेमागे कोबीची शेतं होती, ती दर उन्हाळ्यात थोडी कमी व्हायची. लोकांकडे एकदम मारुती आल्या, गच्च्यांवर डिश आल्या, आणि प्रत्येकाला आपलं मूल ‘कॉन्व्हेंट’मध्ये हवं होतं. कॉन्व्हेंट हवं, पण त्यातला येशू नको. एका बाईंनी तर तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, ‘सिस्टर, इंग्लिश पूरी दीजिए, बाकी चीज़ें ऑप्शनल रखिए.’ तुम्ही हसून मान डोलावलीत. मग दार लावून मला म्हणालात, ‘मेलीला धर्मसुद्धा ऑप्शनल हवाय.’ आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशदारातला मरियेचा पुतळा आजारी मुलांच्या खोलीत हलवलात.

वर्गात फळ्याच्या वर एकेक खिळा होता. बोर्डाची तपासणी आली की त्यावर राष्ट्रनेते चढायचे. वसंत पंचमीला सोसायटीची मंडळी यायची, तेव्हा सरस्वती. एका वर्षी तिथे पाणी वाचवण्याचं पोस्टर होतं. तुम्हाला एकदा मी म्हटलं होतं, सिस्टर, खिळ्याचा धर्म कुठला? तुम्ही म्हणालात, ‘भार पेलणं. तू आपलं इंग्रजी शिकव.’

कशावरही तुमच्याकडे तयार उत्तर असायचं, आणि ते ऐकणाऱ्याच्या वर्मी लागेल असं. रडणाऱ्या टीचरला तुम्ही म्हणायचात, ‘रडायचं असेल तर बाथरूममध्ये. इथे पालक येतात.’ माझ्याही वाट्याला ते एकदा आलं. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी मी शाळेत आले आणि स्टाफरूममध्ये डोळे भरून आले, तेव्हा. पण त्याच बाबांपाशी हिंदूराव हॉस्पिटलच्या वॉर्डात तुम्ही तीन आठवडे, रोज शाळा सुटल्यावर, दोन बस बदलून येऊन बसत होतात. माझी आई दमून गेली होती, भाऊ अमेरिकेत नुकता लागला होता, मला वह्या तपासायच्या होत्या. तुम्ही बाबांना तीन दिवस शिळं मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवायचात, अग्रलेखासकट. एकदा मी पोचले तर वॉर्डबॉय कुठे दिसत नव्हता आणि तुम्ही बाह्या वर करून बाबांचं बेडपॅन घेऊन चालला होतात. सोवळ्यातले माझे बाबा, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तुम्ही परत येऊन हात धुतलेत आणि म्हणालात, ‘हं, कुठे होतो आपण? साखर कारखाने.’ बाबा हसले. त्यानंतर ते फारसे हसले नाहीत.

हे मी विसरले नाही. विसरले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

मग ते मूल्यमापन आलं. तुमच्या सिस्टर्सच्या संघाच्या वरिष्ठांचं पत्र आलं होतं, आपल्या शाळांची कॅथलिक ओळख कितपत टिकून आहे याची पाहणी व्हायची होती. सोबत प्रश्नांची जाडजूड पुस्तिका होती. वर्गात क्रूस आहेत का? प्रार्थना कुठली होते? कॅथलिक शिक्षक किती, कॅथलिक मुलं किती? गरिबांसाठी शाळा काय करते? तुम्ही ती पुस्तिका माझ्यापुढे टाकलीत. मी म्हटलं, अहो, मी भरू? घरी दहा दिवस गणपती बसतो माझ्या. तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच तू. आमच्या बायका खरं लिहून बसतील.’ कॅथलिक शाळेचं कॅथलिकपण मोजायला साताऱ्याची कुलकर्णी बसली. आणि सांगते, मला मजा आली. खोटं नीटनेटकं लिहिण्यात एक सुख असतं, ते तुम्हीच मला शिकवलंत.

दोन दिवसांत सगळ्या वर्गांत क्रूस लागले. त्याच खिळ्यांवर. सुतारालाही बोलवावं लागलं नाही. मरिया आजारी मुलांच्या खोलीतून परत दारात आली. प्रश्न अडला तो मुलांचा. शाळेत कॅथलिक मुलं बोटांवर मोजण्याइतकी, चार मल्याळी नर्सबाईंची आणि एका गोव्याच्या बँकवाल्यांची. तेव्हा तुम्ही रविवारी चर्चमधल्या दुपारच्या हिंदी मिस्सेला गेलात. तिथे कोण येतं हे तुम्हाला ठाऊक होतं. रांची-गुमल्याकडच्या उरांव आदिवासी बायका, सोसायट्यांमधून भांडी घासणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या. आठवड्याचा तेवढाच सुटीचा वेळ, म्हणून त्या धुवट साड्या नेसून यायच्या. मिस्सा संपल्यावर तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, तुमच्या मुलींना शाळेत घेते. अकरा मुली मिळाल्या. तिसरी ते पाचवीत त्यांना वाटून टाकलं. नवे गणवेश, पांढरे मोजे, पुढचा बाक. पुस्तिकेत दोन रकाने एका दमात भरले, कॅथलिक मुलंही झाली आणि गरिबांची सेवाही.

त्यातली एक आपल्या मार्सेलाची अनीमा. मार्सेला आपल्याकडे आया होती. नर्सरीची पोरं धुवायची, जिने पुसायची, नोटिशीची वही वर्गावर्गात सह्यांसाठी फिरवायची. सात वर्षं ती आपल्या मुलीसाठी तुमच्याकडे एक जागा मागत होती आणि सात वर्षं तुम्ही तिला म्हणत होता, ‘इंग्लिश मीडियम है, झेपेगा नहीं.’ त्या जुलैमध्ये अचानक झेपायला लागलं. अनीमाला पहिल्या दिवशी सोडताना मार्सेलाने वर्गाच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला होता. हे मी पाहिलं आहे. मला तेव्हा भरूनसुद्धा आलं होतं.

आणि बाराची घंटा. ती घंटा शाळा सुरू करणाऱ्या जुन्या सिस्टर्सनी ठरवलेली होती. कॅथलिक माणूस दुपारी बाराची घंटा ऐकून हातातलं काम थांबवतो, मरियेची छोटी प्रार्थना म्हणतो, अशी रीत. आपल्या शाळेत त्या घंटेला डबे उघडायचे. तुम्हीसुद्धा त्या वेळी फोनवर असायचात. एकटी मार्सेला थांबायची. जिन्यात असेल तर जिन्यात, हातात ओलं फडकं घेऊन, डोळे मिटून, दोन मिनिटं. पोरं तिला वळसा घालून धावायची. एका पालकाने तक्रार केली, आया कामाच्या वेळी ध्यान लावते. तुम्ही तिला बोलावून सांगितलंत, ‘यह सब स्टोअररूम में किया करो.’ तेव्हापासून ती बारा वाजले की खराटे आणि फिनाइलचे डबे यांच्यामध्ये जाऊन उभी राहायची.

तपासणीला तिघं आले. कानाला यंत्र लावलेले एक म्हातारे फादर, एक करड्या नजरेच्या सिस्टर, एक प्रोफेसर. त्या दिवशी तुम्ही मार्सेलाला धुतलेली साडी दिलीत आणि म्हणालात, ‘आज बाहर खड़ी रहना. बीच में.’ बिचारी बारा वाजता मधल्या व्हरांड्यात उभी राहिली. फादरांनी चौथीच्या वर्गात विचारलं, बारा वाजता घंटा का होते? एकजण म्हणाला, टिफिन के लिए. दुसरी म्हणाली, ‘मार्सेला आंटी के लिए. घंटी बजती है तो वो खड़ी हो जाती हैं.’ वर्ग हसला. फादर हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तुमचा चेहरा मी पाहिला, तुम्हाला धडकी भरली होती.

मग आम्हा बिगर-ख्रिस्ती टीचर्सना एकेक पाकीट दिलं. आत एकच प्रश्न होता. तुमच्या मते ही शाळा कॅथलिक आहे का, आणि कशावरून? नाव लिहायचं नव्हतं, पाकीट बंद करून द्यायचं होतं. खरं लिहायची आयुष्यात एवढी सोय मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी लिहिलं, हो. आमच्या शाळेत दुपारी बारा वाजता हातातलं काम थांबवून प्रार्थना केली जाते. एक शब्द खोटा नव्हता. फक्त कोण करतं आणि कुठे, ते लिहिलं नाही. पुढे अहवाल आला, त्यात माझं ते वाक्य जसंच्या तसं छापलेलं होतं आणि त्याखाली आपल्या शाळेची भरभरून तारीफ. तुम्ही दार लावून मला पेढा दिलात. दारामागचा क्रूस समोर होता. मी पेढा खाल्ला.

पुढे काय झालं ते शोकसभेत कुणी काढलं नाही. हिवाळ्यात पालक यायला लागले. त्यांच्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी त्यांच्या मुलीशेजारी बसत होती. ‘सिस्टर, हमें कोई प्रॉब्लेम नहीं है, बट बच्चे सीखते हैं ना, लँग्वेज वगैरह.’ दोघांनी मुलांची नावं काढून नव्या पब्लिक स्कूलमध्ये घातली. तुम्ही फेब्रुवारीत मला बोलावलंत. दार लावलंत. ‘सुनीता, या वर्षी प्रायमरीचा इंग्रजीचा पेपर जरा वरच्या पातळीचा काढ. स्टँडर्ड वाढवायचंय.’ एवढंच बोललात. मला कळलं. मला कळलं हे तुम्हालाही कळलं.

त्यावर आपलं भांडण झालं, पण अर्धवट. मी म्हटलं, मग ते क्रूस कशाला लावले? तुम्ही म्हणालात, ‘शाळा टिकली तर क्रूस टिकेल. हे लोक गेले तर शाळा गेली, मग कुणाच्याच पोरीला शिकायला जागा नाही.’ मी म्हटलं, आता तरी कुठे आहे? तुम्ही फाइल उघडलीत. फाइल उघडली की बोलणं संपलं, हा तुमचा कायदा. एवढंच उरलेलं भांडण मी आजपर्यंत मनात भांडते आहे. आणि तुम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट ही, की त्या खोलीतून बाहेर पडताना मला तुमचं काही चुकलं असं वाटलंच नाही. वाटलं, सुटले, मला फक्त पेपर काढायचा आहे.

पेपर मी मन लावून काढला. तिन्ही इयत्तांना उताऱ्याचा विषय एकच होता, विमानतळावरचा एक दिवस. सामान तपासणी, बोर्डिंग, खिडकीची सीट. सोसायटीतल्या पोरांना तोंडपाठ. शेवटी पाच मार्कांना निबंध, तुम्ही पाहिलेला विमानतळ. गरज सरो वैद्य मरो ही म्हण मी आईच्या तोंडून कितीदा ऐकली होती, पण तिचा पेपर कसा काढतात ते त्या दिवशी शिकले. नऊ जणी सपशेल बुडाल्या. दहावी मुलगी थोडक्यात. अनीमाला निबंध सोडून बत्तीस होते. पास व्हायला तेहतीस.

निबंधात तिने लिहिलं होतं, माझी मावशी विमानतळावर काम करते. ती फरशी पुसते. विमानतळ खूप स्वच्छ आहे, कारण माझी मावशी तिथे आहे. तीन वाक्यं, तिन्ही बरोबर. मी समोर लाल पेनाने शून्य घातलं आणि लिहिलं, विषयाला धरून नाही. खाली माझी सही केली.

तुम्ही माझ्या बाबांचं बेडपॅन उचललं होतं. मी अकरा मुली नापास केल्या. असा तो व्यवहार. उपकाराची फेड अशीच होते सिस्टर, भलत्याच माणसाकडून वसूल करून.

अकराही जणींचे शाळा सोडल्याचे दाखले एका दिवशी निघाले. पालकांना उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी मी वर्गशिक्षिकेला पुढे केलं आणि स्वतः वाचनालयात बसले. मार्सेला कामाच्या साडीतच आली होती, पेपर हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली, असं मला नंतर सांगितलं. मी मनात म्हटलं, बघू दे, तिला कुठे वाचता येतं. तुम्ही तिला म्हणालात, ‘तुम्हारी नौकरी तो है ही.’ ती पुढच्या महिन्यात सोडून गेली. एप्रिलात क्रूस उतरले आणि खिळ्यांवर पाणी वाचवण्याचं पोस्टर परत आलं.

दोन वर्षांनी माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मला घरकामाला बाई हवी होती. मार्सेला समोरच्याच सोसायटीत काम करत होती. मी तिला बोलावलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही, मला बाई हवी होती आणि मार्सेलासारखी दुसरी मिळत नव्हती. ती आली. आठ वर्षं झाली. आईला तिने शेवटपर्यंत हलवलं, धुतलं, पुसलं. अनीमा आता गुडगावला एका बंगल्यात चोवीस तासांच्या कामाला राहते, महिन्यातून एका रविवारी आईला भेटते. आमच्या घराला शाळेची घंटा ऐकू येते. आता घंटा नाही, विजेचा भोंगा आहे, पण बाराचा बाराच. मार्सेला अजून थांबते.

तुम्ही आजारी पडून शहराच्या त्या टोकाला सिस्टर्सच्या मठात राहायला गेलात, तेव्हा मी महिन्यातून एकदा येत होते. संत्री आणायची, तुम्ही खायचा नाहीत. हात वाळून काटकी झाले होते, जीभ मात्र शाबूत. नर्सला म्हणायचात, ‘सुई टोच, गप्पा नको.’ आणि एक दिवस, मी उठायच्या बेतात असताना, तुम्ही विचारलंत, ‘त्या अकरा जणींची नावं आठवतात का गं तुला?’

मी म्हटलं, नाही हो सिस्टर. किती मुली आल्या, किती गेल्या.

अनीमा, प्रमिला, दोन रोझी, सुषमा, जसिंता, बिबियाना, सलोमी, अंजेला, पुष्पा आणि ती धाकटी तेरेसा. त्या दिवशीही पाठ होती, आजही आहेत. तुम्हाला ती हवी होती. बहुधा एकेक नाव घेऊन देवापुढे ठेवायचं होतं, तुमच्या लोकांत तशी रीत असावी. मी दिली नाहीत. तुम्ही अपराध उघड्यावर आणला असतात तर त्यात माझाही सापडला असता, म्हणून.

मग म्हणालात, ‘मार्सेला तुझ्याकडे येते ना? एकदा घेऊन ये तिला.’ मी म्हटलं, आणते. पुढच्या खेपेला सांगितलं, ती गावी गेली आहे. त्यापुढच्या खेपेला तिला ताप होता. मग ट्रॅफिक. दिल्लीत ट्रॅफिकवर काहीही ढकलता येतं. चौथ्या खेपेला तुम्ही विचारलं नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलंत. मी संत्रं सोलत बसले. त्या चारही दिवशी मार्सेला माझ्या घरात भांडी घासत होती. तिला न आणण्याचं कारण एकच, तुम्ही तिच्यापुढे रडला असतात आणि रडता रडता बोलून गेला असतात की पेपर सुनीताने काढला होता.

तुमचं क्रौर्य निदान उघडं होतं. लोक तुम्हाला घाबरायचे. मला कधी कुणी घाबरलं नाही, सगळे मला चांगली बाई म्हणतात.

तुम्ही गेल्याचा फोन सकाळी साडेदहाला आला. मार्सेला साडेअकराला आली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिला सांगितलं. तिने नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले. परत नळ सोडला. बारा वाजले. शाळेचा भोंगा वाजला. ती थांबली. त्या दिवशी दोन मिनिटांची पाच झाली असतील, मी घड्याळ बघत होते.

डोळे उघडल्यावर मी म्हटलं, सिस्टर तुझी फार आठवण काढायच्या.

‘मालूम है,’ ती म्हणाली. ‘मिस्सा के बाद फादर ने ख़बर दी थी. मैं गई थी, दो इतवार पहले.’

मी आणत नाही हे तुम्ही ओळखलंत आणि रविवारच्या त्याच हिंदी मिस्सेत निरोप धाडलात. मी विचारलं, काय म्हणाल्या?

‘हाथ पकड़ के माफ़ी माँगी. बोलीं, सब मेरा किया था, सुनीता मॅडम का उसमें कुछ नहीं.’

म्हणजे मरता मरताही माझ्यासाठी खोटं बोललात. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. मग मार्सेला कढई विसळत म्हणाली, ‘लेकिन पेपर पे साइन तो आपका था. सात साल नोटिस की कॉपी लेके आपके पास आती थी मैं, साइन कराने. साइन तो पहचानती हूँ.’

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. आठ वर्षं ती हे जाणून माझ्या घरात येत होती, माझ्या आईला उचलत होती. मी म्हटलं, मग सिस्टरना तू माफ केलंस?

‘उन्होंने माँगी,’ ती म्हणाली, ‘तो दे दी.’

आणि ती माझ्याकडे बघत थांबली. नळ बंद होता. तुम्ही विचारायचात ना, शाळा कॅथलिक आहे असं पाकिटात तू काय म्हणून लिहिलंस? त्याचं खरं उत्तर त्या दिवशी माझ्यापुढे उभं होतं. आपली शाळा कॅथलिक होती, सिस्टर, रोज दोन मिनिटं, स्टोअररूममध्ये. तुम्ही शेवटी तिथपर्यंत चालत गेलात. मला तर दोनच पावलं टाकायची होती, ओट्यापाशी. एक वाक्य होतं, हिंदीत म्हटलं असतं तरी चाललं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हटलं, ‘कुकर रह गया है.’

तिने तो घेतला आणि घासला. नेहमीसारखा लख्ख.